सातवाले आणि बिनसाती

कुठल्याही हळदीकुंकवात अत्तराची कुपी जवळ यायला लागली की माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात. समोरची बाई हिरमुसते, सासूबाई डोळे मोठे करतात आणि मी ओशाळून हात पुढे करते. आता मला अत्तराची बंदी नाही. ज्या उंदरांपायी ही सवय लागली ते उंदीर नाशकातून केव्हाच गेले, आणि ज्यांनी ती लावली त्या मॅडमही मागल्या वर्षी गेल्या. हातांना मात्र हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या मॅडम उंदरांवर संशोधन करत. लोकांना एवढंच सांगता यायचं. सिन्नरला आमच्या गल्लीत कुणी विचारलं, "पोरगी नाशकाला काय करती?" तर आई म्हणायची, "उंदरांचं काहीतरी शिकती." यावर पुढचा प्रश्न कुणालाच सुचत नसे.

खरं तर ते इतकं अवघड नव्हतं. आपल्या कातडीखाली काही पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आत शिरलं की त्याचा तुकडा उचलून त्या जवळच्या गाठीकडे निघतात. काखेत, जांघेत असतात ना, ताप आला की सुजतात, त्या गाठी. तिथं पोचल्यावर मग पुढची सगळी फौज जागी होते. प्रश्न असा, की पेशीला ना डोळे ना कान, तिला रस्ता कळतो कसा? तर तिच्या अंगावर एक प्रथिन असतं, रिसेप्टर. गाठीकडून एक रसायन झिरपत असतं, ते या रिसेप्टरला लागतं, आणि जिकडे ते जास्त तिकडे पेशी सरकत राहते. त्या रिसेप्टरच्या नावाच्या शेवटी सात हा आकडा होता. उंदीरघर सांभाळणारे मामा निफाडकडचे, त्यांना ते इंग्रजी नाव घेण्यात रस नव्हता. ज्या उंदरांत तो रिसेप्टर होता त्यांना ते 'सातवाले' म्हणत, आणि ज्यांच्यातून तो जन्माआधीच काढून टाकलेला होता त्यांना 'बिनसाती'. पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो.

वरून बघाल तर दोन्ही सारखेच, काळेभोर नि चुणचुणीत. फरक दिसायचा तो आत. उंदराच्या कातडीवर चमकणारा हिरवा रंग लावायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सातवाल्यांच्या गाठीत हिरवे ठिपके पोचलेले असत. बिनसातींच्या गाठीत काळोख. त्यांच्या पेशी तिथंच कातडीत बसून राहिलेल्या. गाठीकडून रसायन येतच असायचं, अगदी सातवाल्यांच्या गाठीसारखंच, पण यांना ते लागतच नसे.

मी नवी होते. पहिल्याच भाषणात मोठ्या हौसेनं म्हणाले, "बिनसाती उंदरांच्या पेशी घराचा रस्ता विसरतात."

मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या, "पेशीला घर नसतं."

"नाही मॅडम, म्हणजे समजायला सोपं जावं म्हणून..."

"सोपं नका करू, खरं करा. पेशीला घर नाही, ओढ नाही, आठवण नाही. कमी आणि जास्त एवढंच कळतं तिला. आणि विसरायला आधी माहीत असावं लागतं. उपमा म्हणजे आळस आहे, अहो."

मी खाली बसले. चहाच्या वेळी मामा हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका ताई. मागच्या पोरीनं पेशीला नाक हाय म्हनलं व्हतं, तर तिला नाकाचं आख्खं चित्र काढाया लावलं."

हे 'अहो' मॅडमचं खास. त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. विद्यार्थ्यांना, रिक्षावाल्याला, वीजबिल घेऊन येणाऱ्याला. रागावल्या तरी 'तुम्ही गाढव आहात' असं सन्मानपूर्वक म्हणत. बोलणं असं, की पुण्याच्या माणसानंही कान देऊन ऐकावं. पण उंदीरघराचं दार लोटलं, पिंजरा खाली काढला, की त्याच बाई वेगळ्या व्हायच्या. "काय रे भाऊ, जेवना का? आठे ये, आठे. भिऊ नको, मी शे ना." माहेर त्यांचं सटाण्याकडचं, तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात नि 'इथं, तिथं'ला 'आठे, तठे'. ती अहिराणी मी त्यांच्या तोंडून दोनच ठिकाणी ऐकली, फोनवर धाकट्या बहिणीशी आणि इथं उंदरांशी. आणि 'तू'सुद्धा त्या दोघांनाच.

एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, उंदरांशी अहिराणीच का?"

"त्यांना कळत नाही, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण सुई टोचताना त्या भाषेत माझा हात थरथरत नाही."

उंदरांना परक्या वासाचा ताण येतो, हे खरंच आहे. मॅडमनी मात्र त्याचं सोवळं करून टाकलं होतं. अत्तर नाही, गजरा नाही, वासाचं तेल नाही, तोंडात बडीशेपसुद्धा नाही. सगळ्यांना एकच बिनवासाचा साबण त्या स्वतः आणून देत. आमचे पांढरे कोट एका पत्र्याच्या ट्रंकेत, उंदरांखाली घालतात त्याच भाताच्या तुसात पुरून ठेवलेले असत, म्हणजे माणूस कुणीही असो, उंदराला वास एकच यावा. संध्याकाळी सिन्नरच्या जीपमध्ये बसले की शेजारची बाई नाकाला पदर लावी. गर्दीतही मला ऐसपैस जागा मिळायची, तेवढा एक फायदा. घरी पोचले की आई दारातूनच ओरडायची, "आधी मोरी गाठ!"

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं घरी हळदीकुंकू केलं. मॅडमना बोलावलं होतं आणि त्या चक्क आल्या, एसटीनं, हातात द्राक्षांची पेटी घेऊन. आमच्या काकू कुंकवाचा करंडा घेऊन फिरत होत्या. मॅडमपाशी आल्या नि घुटमळल्या. मॅडमचे यजमान वारलेले, हे काकूंना कुणीतरी नको तितक्या तत्परतेनं सांगून ठेवलं होतं. आईनं पुढे होऊन काकूंच्या हातातला करंडा घेतला आणि मॅडमना ठसठशीत कुंकू लावलं. मॅडमनी ते लावून घेतलं. सगळ्यांनी श्वास सोडला. मग अत्तर आलं आणि मॅडमनी दोन्ही हात झटकन पाठीमागे घेतले.

काकूंचे डोळे भरून आले. "असू द्या हो बाई. नका मनाला लावून घेऊ. आमच्यात चालतं सगळं."

"माझ्यात चालतं," मॅडम म्हणाल्या. "उंदरांना चालत नाही. उद्या सकाळी त्यांच्याकडे जायचंय."

पुढे वर्षभर काकू ही गोष्ट ज्याला त्याला सांगत आणि शेवटी म्हणत, "दुःखानं परिणाम होतो गं डोक्यावर."

मॅडमचं एक पालुपद होतं, "कंट्रोल कुठंय?" जे तपासायचं त्याच्या शेजारी, बाकी सगळं सारखं पण तेवढीच एक गोष्ट वेगळी असलेलं काहीतरी ठेवायचं, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. ते कंट्रोल. बिनसाती उंदरांना कंट्रोल सातवाले. इथवर ठीक. पण मॅडमना कंट्रोल सगळीकडे लागे. कुणी म्हणालं, अमक्या ठिकाणची मिसळ झकास, की "कशापेक्षा? कंट्रोल कुठंय?" प्राचार्य म्हणाले, फाटकाची दिशा बदलल्यापासून कॉलेजचा निकाल सुधारला. भर बैठकीत मॅडम म्हणाल्या, "मग एक वर्ष जुनं फाटक उघडून बघू." मी लाजत लाजत सांगितलं, की लग्न ठरलंय तो मुलगा माझ्याशी फार छान वागतो. त्यांनी विचारलं, "आणि वेटरशी?" ते बघायला मी पुढच्याच रविवारी त्याला मुद्दाम हॉटेलात घेऊन गेले. नवऱ्याला हे अजून माहीत नाही.

दुसरं त्यांचं पथ्य आंधळ्या मोजणीचं. गाठींच्या काचा आल्या की दुसऱ्या कुणीतरी काचांच्या मागच्या बाजूला चिठ्ठ्या चिकटवायच्या. कुठली काच सातवाल्याची नि कुठली बिनसातीची हे मोजणाऱ्याला माहीत असता कामा नये. मोजून झालं की काच उलटायची. मग मॅडम "बरोबर" म्हणत किंवा काहीच म्हणत नसत, आणि दोन्हीनंतर एकच शब्द येई, "परत." मी एकदा कुरकुरले, "मॅडम, मी काय खोटं मोजणार आहे का?"

"खोटं नाही मोजणार. प्रेमानं मोजाल. हिरवा ठिपका दिसावा असं वाटतं, म्हणून दिसतो. प्रेमळ माणसानं डोळे बांधूनच मोजावं. इच्छा वेगळी, निकाल वेगळा."

आज मी एका साध्या तपासणी केंद्रात रक्त-लघवी बघते. दिवसभर यंत्रच आकडे काढतं, मी सही करते. कुणी मला 'परत' म्हणत नाही. त्या शब्दाचा मला तेव्हा इतका वैताग यायचा आणि आता तो ऐकण्यासाठी मी काहीही देईन. खोटं कशाला बोलू, आईवडिलांची आठवण येत नाही इतकी मला त्या तुसाच्या वासाची आणि त्या एका शब्दाची येते.

मॅडमचं घर नाशकातल्या द्वारका चौकापासून चालत अंतरावर होतं. यजमान ओझरच्या विमानांच्या कारखान्यात मशीनवर होते. कारखान्याची बस त्यांना संध्याकाळी द्वारकेला सोडायची, मॅडम कॉलेजातून येऊन तिथं थांबलेल्या असायच्या, आणि मग दोघं मिळून पायी घरी जायचे. ते गेले ते अचानक, ड्युटीवरून येऊन जेवायला बसले असताना. मी कॉलेजात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण मी आले तेव्हाही मॅडम रोज द्वारकेलाच उतरत. रिक्षा दारापर्यंत जाते हे त्यांना सांगून बघितलं. "पाय मोकळे होतात," म्हणाल्या. मी सिन्नरची जीप तिथंच पकडायची, त्यामुळे मी बघायची. त्या हॉर्नच्या कल्लोळात, ट्रकच्या धुरात त्या कडेला उभ्या असायच्या. कारखान्याची बस यायची, माणसं उतरून आमच्या अंगावरून जायची, आणि त्या वेळेपुरते मॅडम डोळे मिटायच्या. मला कळायचं का ते. मशीनचं तेल, लोखंडाचा कीस, दिवसभराचा घाम. माझे वडील सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवायचे, त्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. बस रिकामी झाली की मॅडम डोळे उघडून घराकडे चालू लागायच्या.

एकदा काही पुस्तकं घ्यायला घरी गेले होते. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, तर आत दोन पारदर्शक, हवाबंद पिशव्या. प्रयोगशाळेत नमुने ठेवतो तसल्या. दोन्हींत एकेक निळी लोकरी जर्सी.

"यांच्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "कारखान्यातून दोन मिळायच्या. गेले तेव्हा एक धुऊन घडी केलेली होती, एक खुंटीवर होती. खुंटीवरची न धुता ठेवली. वर्षातून एकदाच उघडते, त्यांच्या दिवशी."

"एकदाच?"

"वास म्हणजे रेणू, अहो. आहेत तेवढेच आहेत. उघडलं की थोडे उडतात. पुरवून वापरायला हवेत." आणि पुस्तकं माझ्या हातात देऊन कपाट लावलं.

मग ती तापाची साथ आली. कॉलेज बंद, रस्ते बंद, उंदरांना मात्र सुट्टी नव्हती. मॅडम आणि मामा पोलिसांना पास दाखवत उंदीरघरात जात राहिले. एकही पिंजरा त्यांनी रिकामा पडू दिला नाही. साथ ओसरता ओसरता मॅडमना तो ताप आला. बऱ्या झाल्या, कामावर आल्या, पूर्वीसारख्याच कडक. आम्हाला वाटलं, सुटलो.

मॅडमची एक रीत होती. सकाळी उंदीरघराच्या दारात डोळे मिटून उभं राहायचं, एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि सांगायचं, "डावीकडचं खालचं तूस बदला." कधी चुकत नसत. त्या दिवाळीनंतर तुसाची पोती वेळेवर आली नव्हती. आम्ही दार उघडलं तर अमोनियाचा असा भपकारा, की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मॅडम दारात उभ्या राहिल्या, डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे. मामा पुटपुटले, "लय वास मारतोय, अन् मॅडम म्हनत्यात ठीक हाय."

मॅडम वळल्या. आमची तोंडं बघितली. माझ्या गालांवरचं पाणी बघितलं. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"म्हणजे अमोनिया आहे," त्या म्हणाल्या. "बरं. आजपासून वास तुम्ही दोघांनी घ्यायचा." मग पिंजऱ्यांकडे वळून हळूच म्हणाल्या, "माफ कर रे भाऊ."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या तापानं वास जातो, रोज ठरावीक वास हुंगत राहा, येईल परत कदाचित. मॅडमनी छोट्या नळ्या केल्या. लवंग, लिंबू, कापूर आणि एकीत नुसतं पाणी. कंट्रोल. मी चिठ्ठ्या चिकटवून नळ्या त्यांच्यापुढे धरायची. त्या हुंगायच्या, विचार करायच्या, "लवंग" म्हणायच्या. ते पाणी असायचं. कधी बरोबर यायचं आणि मी हरखायची. त्या मान हलवायच्या. "योगायोगानं येईल तितकंच येतंय. म्हणजे काही नाही." असे महिने गेले. द्वारकेला उतरणंही त्यांनी सोडलं. रिक्षा आता दारापर्यंत जाऊ लागली.

एका दुपारी नळ्या बाजूला सारून त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात यांचा दिवस होता. पिशवी उघडली. काही नाही."

मी नळ्यांना बुचं लावू लागले.

"आता प्रश्न असा आहे," त्या वर्गात बोलतात तसं बोलू लागल्या, फक्त टेबलाची कड हातानं घट्ट धरून. "पिशवीतला वास संपलाय, की फक्त माझं नाक संपलंय? मला दोन्हीचा निकाल एकच दिसतो. पण दोन्हींत फार फरक आहे. नाक गेलं तर गेलं. तो संपला असेल तर..." वाक्य तिथंच राहिलं. त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मॅडम, मी बघू का वास घेऊन?"

"तुम्ही प्रेमळ आहात. तुम्ही 'आहे' म्हणाल."

हे खरं होतं. मी 'आहे'च म्हटलं असतं. काहीही झालं असतं तरी.

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "कंट्रोल लावू. अंगाला तेल, पावडर काही नको. आणि येताना काही खाऊ नका."

रविवारी दुपारी गेले. टेबल स्वच्छ पुसलेलं. त्यावर दोन्ही पिशव्या, दोन्हींच्या तळाला चिठ्ठ्या, मजकूर खालच्या बाजूला. एकीत धुतलेली जर्सी, दुसरीत खुंटीवरची. मला भिंतीकडे तोंड करायला सांगून त्यांनी पिशव्या इकडच्या तिकडे केल्या, पुन्हा केल्या.

"कोणती कुठली हे आता मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी तर जन्माचीच आंधळी झालेय, प्रयोगाला सोयीचंच आहे. तुम्ही एवढंच सांगायचं, वेगळा वास कुठल्या पिशवीत आहे. दोन्ही सारख्या वाटल्या तर तसं सांगा. माझ्याकडे बघायचं नाही."

किती हुशार बाई! माझ्या प्रेमाला खोटं बोलायला तिनं जागाच ठेवली नव्हती. 'आहे' म्हणून भागणार नव्हतं, कुठं आहे ते सांगावं लागणार होतं. मी चुकले असते तर मॅडमच्या दृष्टीनं त्यांचे यजमान त्या दुपारी दुसऱ्यांदा गेले असते.

पहिली पिशवी उघडली. प्लॅस्टिक. लोकर. कपाटाचा बंदिस्त वास. दुसरी उघडली. प्लॅस्टिक, लोकर, कपाट. तशीच धरून ठेवली, डोळे मिटले, आणि मग तळातून, फार लांबून, ते आलं. तेल. लोखंड. आमच्या मोरीतल्या खुंटीवरचा माझ्या वडिलांचा सदरा.

"ही," मी म्हणाले.

मॅडमनी ती पिशवी उलटी केली. चिठ्ठी वाचली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता. "परत."

मी भिंतीकडे वळले. पिशव्यांची सळसळ झाली. पुन्हा हुंगलं, पुन्हा सांगितलं. "बरोबर. परत." मधेच मला काहीच कळेनासं झालं, तेव्हा म्हणाल्या, "नाक थकतं. गॅलरीत उभ्या राहून या." गॅलरीतून द्वारकेची वाहतूक ऐकू येत होती. आत आले. "ही." "बरोबर. परत." असं त्यांचं समाधान होईपर्यंत चाललं. मग त्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे संपलेला नाही," त्या म्हणाल्या. "तिकडून येतंय. इथं लागत नाही, एवढंच." मग हसल्या, डोळे मात्र भरले होते. "मामांना सांगा, मॅडम बिनसाती झाल्या."

उपमा, मॅडम, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

त्यांनी पिशवी जवळ ओढली. आतली हवा तळहातानं हलके दाबून काढली, तोंड बंद केलं, बोट फिरवून पुन्हा एकदा तपासलं. मी खोलीत आहे हे त्या विसरल्या होत्या, किंवा नसतीलही विसरल्या.

"तू शे ना?" त्या पिशवीला म्हणाल्या. "मंग ऱ्हाय तठेच. मी शे."

यजमानांना त्या कायम 'हे' म्हणायच्या. आज त्यांनाच 'तू' म्हटलेलं ऐकून मी चटकन भिंतीकडे तोंड केलं.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. उंदीरघर बंद झालं, सातवाले आणि बिनसाती दुसऱ्या शहरातल्या संस्थेत गेले. मामा गावी गेले. मॅडम सटाण्याकडे बहिणीजवळ राहायला गेल्या. आणि मागल्या वर्षी एका सकाळी त्या बहिणीचा फोन आला.

मी पोचले तेव्हा अंगणात तयारी झाली होती. बहीण मला आत घेऊन गेली. खाटेवर त्या दोन पिशव्या ठेवल्या होत्या.

"आक्कानी सांगेल शे, एक जर्सी मनासंगे द्या," ती रडत म्हणाली. "कोनती, ते उंदीरवाली पोरले इचारा."

मी पिशव्या उलट्या केल्या. तळाला चिठ्ठ्या नव्हत्या. प्रयोग झाल्यावर मॅडमनी त्या सोलून टाकल्या असणार, वास आहे एवढं कळल्यावर त्यांना स्वतःला त्यांची गरज उरली नव्हती. पहिली पिशवी उघडली. प्लॅस्टिक, लोकर, कपाट. दुसरी उघडली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच धरून राहिले. अगदी तळाशी काहीतरी होतं. का होतं असं मला वाटत होतं, कोण जाणे.

"ही," मी म्हणाले.

बहिणीनं ती जर्सी काढली, घडी केली आणि बाहेर नेऊन आक्काच्या छातीवर ठेवली. मी खाटेपाशी उभी होते, हात पाठीमागे बांधून. थांबले. कुणी 'परत' म्हटलं नाही.